मदत हवी आहे: उंदराचं पीडी-१ प्रथिन (रोगप्रतिकारक पेशींवरचं), एलायझात (प्लेटवर प्रथिनांचं बांधणं रंगाने मोजणारी चाचणी) सिग्नल उतरतोय

उंदराचं पीडी-१ एफसी (प्रतिपिंडाच्या एफसी तुकड्याला जोडलेलं), बीएसए (प्रथिन टिकवायला घालतात ते गाईचं अल्ब्युमिन) नसलेलं. कुपी सेंट्रिफ्यूज करूनच उघडली, पीबीएस या खारट बफरमध्ये १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली विरघळवलं, लहान भाग करून उणे २० अंशांवर ठेवलं. प्लेटवर त्याचं कोटिंग २ मायक्रोग्रॅम प्रति मिली, रात्रभर ४ अंशांना; वर बायोटिनची खूण लावलेलं पीडी-एल१, म्हणजे पीडी-१ ला बांधणारं जोडीदार प्रथिन. ओडी (रंगाची तीव्रता) १.८ वरून ०.५ वर आला. गडचिरोलीकडचं भारनियमन, त्यात मे महिना. फ्रीजरमध्ये भाग वितळून पुन्हा गोठले, संशय तिथेच आहे. ही जोडी मुळात सैल बांधते म्हणून धुण्याच्या फेऱ्या ५ वरून ३ केल्या, फरक नाही.

बीएसए घातलं तर तेच प्लेटवरची जागा अडवतं. मग नव्या कुपीत ५ टक्के ट्रेहॅलोज (गोठताना प्रथिन जपणारी साखर) की ५० टक्के ग्लिसरॉल, म्हणजे उणे २० ला गोठणारच नाही? निम्मं ग्लिसरॉल मिसळल्यावर साठा ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली होईल, म्हणजे कोटिंगच्या वेळी २५ पट विरळ करून २ टक्केच ग्लिसरॉल उरेल. तेवढ्याने चिकटणं बिघडतं का? कुणी करून पाहिलं असेल तर प्रमाणासकट सांगा.