जांभळाचा मध बाटलीत फसफसतोय. काय चुकलं?

भोरची_सून: नमस्कार मंडळी. परड्यात जांभळीखाली सातेरी मधमाश्यांच्या चार पेट्या आहेत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मध काढला. मामंजींनी यंत्र फिरवलं, मी फडक्यातून गाळला. पाच किलो निघाला, तो पुण्याला एका सोसायटीत दिला. तीन आठवड्यांनी एका बाईंनी फोटो पाठवला: वर पांढरा फेस, झाकण उघडताना फट् आवाज, वास ताडीसारखा. वर म्हणतात, गुळाचं पाणी घातलंय! रात्री झोप लागली नाही हो. घरातली बाटली बघितली तर तळाला रवा आणि वर पातळ पाणी. उरलेला तापवून दिला तर चालेल का?

पेटीवाला_जावळी: ताई, आधी हे सांगा, काढताना चौकटीवरची किती घरं मेणानं बंद होती?

भोरची_सून: निम्मी असतील. वळीव येणार म्हणून मामंजींनी घाई केली.

पेटीवाला_जावळी: मग तिथंच गणित चुकलं. मध पिकला की माशी घराला टोपी घालते. त्याआधी रात्रभर पंख मारून त्यातलं पाणी उडवत असते. संध्याकाळी पेटीला कान लावा, घुमणं ऐकू येतं. सातेरीचा मध मुळातच पातळ. पाणी २० टक्क्यांच्या वर गेलं की त्यातलं यीस्ट जागं होतं, आणि कायद्यातली मर्यादाही तेवढीच आहे. त्यात रवा धरला की ग्लुकोज तळाला बसतं, वरचा भाग आणखी पातळ होतो आणि तोच आंबतो. तुमच्या बाटलीत नेमकं हेच झालंय. भेसळ नाही. मी चौकट आडवी धरून झटका देतो. थेंब उडाले तर मुकाट्यानं परत पेटीत. पाऊण भाग बंद असल्याशिवाय सुरी लावत नाही, वळीव येवो नाहीतर काही येवो. आणि गाळायला रात्रभर उघडा ठेवू नका, दमट हवेतलं पाणीही मध ओढतो. महाबळेश्वरच्या मध संचालनालयात मी शिकलो, जमलं तर तुम्हीही जाऊन या.

कोकणी_मधमाशी: तापवायचं म्हणाल तर नुसता रवा धरलेला मध कोमट पाण्यात बाटली ठेवून मोकळा होतो, थेट गॅसवर नको. पण आंबलेला विकू नका, आणि माश्यांनाही परत पाजू नका, हगवण लागते. माझी एक वसाहत त्यातच गेली.

ठाण्याचा_गिऱ्हाईक: मीही रवा दिसला की बाटली परत करायचो. वर पाण्याच्या ग्लासात थेंब टाकून शुद्धता तपासायचो! साखरेचा घट्ट पाकही तसाच तळाला जातो, हे फार उशिरा कळलं.

भोरची_सून: आभारी आहे. त्या बाईंचे पैसे परत केले. मामंजींना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "आम्ही पोळं पिळायचो तेव्हा कोण मोजत होतं?" मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, तेव्हा मध आठ दिवसांत घरातच संपायचा. पाणी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर दिराकडे आहे, द्राक्षाची गोडी बघायचा. तो चालेल?

पेटीवाला_जावळी: नाही चालत. त्याचा आकडा बहुतेक ३२ ब्रिक्सपर्यंतच (ब्रिक्स म्हणजे गोडीचं माप) जातो, मध ८० च्या आसपास. मधाचाच मागा.