मदत हवी आहे: आईबाबांना सिंगापूर दाखवायचंय, पण एजंटच्या यादीतलं नको

धागाकर्ती: गच्चीवरची लेक

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आईबाबांना घेऊन सिंगापूरला जायचं घाटतंय. चार रात्री, पाच दिवस, आम्ही तिघंच. मुलाच्या परीक्षेमुळे तो आणि नवरा पुण्यातच राहणार.

बाबा ७४ वर्षांचे. अजून रोज सकाळी तळजाईला जाऊन येतात, त्यांची काळजी नाही. आई ७०. गेल्या वर्षी तिच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सपाटीवर अर्धा तास चालते, मग टेकायला लागतं. जिना चढण्यापेक्षा उतरणं तिला जड जातं.

आमच्या भागातल्या एका एजंटने कार्यक्रम आखून दिलाय. तो वाचूनच मला धाप लागली. मुंबईहून रात्रीचं विमान, सकाळी उतरल्या उतरल्या बसमध्ये घालून 'सिटी टूर', त्यात मर्लायनपाशी (सिंहाचं तोंड, माशाचं अंग असलेला पुतळा) वीस मिनिटं. खोली दुपारी तीननंतर. दुसऱ्या दिवशी अख्खा दिवस युनिव्हर्सल स्टुडिओ. तिसऱ्या दिवशी सेंटोसा बेट, केबल कार, ल्यूज (उतारावरून गाडी सोडतात ती, आईला!). त्याच रात्री नाइट सफारी. चौथ्या दिवशी 'शॉपिंग'. बागांसाठी मिळून दीड तास.

आमच्या गच्चीवर साठेक कुंड्या आहेत. जानेवारीतलं एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन आईने ऑपरेशनच्या वर्षीसुद्धा चुकवलं नाही, वॉकर घेऊन गेली होती. आणि बाबांना शाळेपासून नेताजींचं वेड. त्यांची एकच मागणी आहे, आझाद हिंद फौजेचं स्मारक. मी एजंटला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तसलं काही सिंगापूरमध्ये नाहीये, तुम्ही अंदमान म्हणताय का?" बाबा शेजारीच बसले होते. त्यानंतर त्यांनी त्या माणसाशी बोलणंच बंद केलं.

तर, पॅकेज सोडून आपलं आपण जाणं या वयाच्या माणसांना घेऊन झेपेल का? बागा नेमक्या किती दिवसांच्या? आणि ते स्मारक आहे की नाही, हे कोणी बघून आलंय का? आम्ही शाकाहारी आहोत. आईला कांदा-लसूण चालतं, पण गुरुवार असतो.

---

खिडकीची सीट:

आधी एजंटला नाही म्हणून टाका, मग बाकीचं बोलू.

मी सासूबाईंना घेऊन गेले होते, त्यांचंही दुखणं हेच. सिंगापूरमधे एकट्याने फिरायला भीती वाटण्यासारखं काही नाही. पाट्या इंग्रजीत, लोक इंग्रजी बोलतात, प्रत्येक एमआरटी (तिथली मेट्रो) स्टेशनला लिफ्ट. फक्त ती प्रत्येक दाराला नसते. लिफ्टचं दार नकाशात आधी शोधून ठेवा, नाहीतर चुकीच्या टोकाला बाहेर पडून रस्ताभर उलटं चालावं लागतं. आणि लाइन बदलायची स्टेशनं लांबलचक आहेत. आपल्या सिव्हिल कोर्ट मेट्रोत खालून वर येताना जे होतं ना, तेच आडवं. म्हणून जिथे गाडी बदलावी लागेल तिथे सरळ टॅक्सी करा. तिकिटासाठी रांग लावायची गरज नाही, टॅप करायचं बँक कार्ड चालतं. मात्र निघण्याआधी कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या आणि प्रत्येकाचं कार्ड वेगळं ठेवा.

आता बागा. दोन आहेत आणि दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

बोटॅनिक गार्डन्स जुनी, १८५९ सालची. २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. पहाटे पाच ते रात्री बारा उघडी आणि फुकट. तिकीट फक्त आतल्या ऑर्किड गार्डनला. काकू खऱ्या बागवाल्या असतील तर त्यांना हीच बाग आवडणार, लिहून ठेवा. पण बोटॅनिक गार्डन्स नावाच्या स्टेशनवर उतरू नका! सगळे तिथेच चुकतात. ते उत्तरेच्या टोकाला आहे आणि ऑर्किड बरीच आत. टॅक्सीवाल्याला नॅसिम गेट सांगा. सकाळी आठपर्यंत पोचा, कारण अकरानंतरचं ऊन आणि दमटपणा मिळून माणूस भिजलेल्या पोत्यासारखा होतो. तिथली पाच डॉलरची नोट जपून ठेवा. तिच्या मागे जे झाड आहे ते टेंबुसूचं झाड याच बागेत उभं आहे. सासूबाई नोट हातात धरून फांदी न् फांदी जुळवत होत्या.

दुसरी गार्डन्स बाय द बे, २०१२ ची, समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर. तिथे दुपारी जायचं, कारण काचेचे दोन्ही घुमट आतून थंड आहेत. त्यातल्या क्लाउड फॉरेस्ट घुमटात ३५ मीटरचा धबधबा आहे. लिफ्टने वर जायचं आणि फिरत फिरत खाली यायचं. काकूंना उतरणं जड जातं म्हणालात, म्हणून सांगते, तिथल्या माणसाला आधीच विचारा, लिफ्टनेच खाली यायची सोय होते. संध्याकाळी बाहेर येऊन सुपरट्रीच्या (झाडांच्या आकाराचे उंच मनोरे) खाली बसायचं. पावणेआठला आणि पावणेनऊला दिव्यांचा खेळ असतो, फुकट. तिथे सूर्य वर्षभर सातच्या आसपास मावळतो, त्यामुळे पावणेआठला छान अंधार असतो.

---

पैसा वसूल:

मी उलट बोलतो, राग नको. पॅकेजमध्ये बस हॉटेलच्या दारात येते, रात्री हॉटेलच्या दारात सोडते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन पावसात टॅक्सी शोधायची वेळ आली की एजंट आठवतो. आणि एवढे पैसे घालवून युनिव्हर्सल बघितलंच नाही तर लोक काय म्हणतील?

---

गच्चीवरची लेक:

@पैसा वसूल, लोकांना आईचा गुडघा दाखवीन.

पावसाचं मात्र खरंय. फेब्रुवारीत असतो का?

---

खिडकीची सीट:

विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर आहे ते. आपल्यासारखा उन्हाळा-पावसाळा नाही, बारा महिने तेच हवामान. पाऊस नोव्हेंबर ते जानेवारी जास्त, फेब्रुवारीत त्यामानाने बरा. पण दुपारची एखादी सर कधीही येते, तासाभरात निघून जाते. टॅक्सी रस्त्यावर उभं राहून शोधायची नसते हो, ॲपवर बोलवायची. तारखा ठरवण्याआधी चिनी नववर्ष कधी आहे ते बघा, ते जानेवारी-फेब्रुवारीतच येतं. त्या दोन दिवसांत खाण्याच्या कितीतरी टपऱ्या बंद असतात.

---

जुना बाजार:

स्मारकाचं मी सांगतो. बाबांना माझा नमस्कार.

आहे. म्हणजे होतं, आणि त्याची खूण आहे. हे त्यांना जाण्याआधीच सांगा, नाहीतर भला मोठा स्तंभ बघायला म्हणून जातील आणि हिरमुसतील.

एस्प्लनेड पार्कमध्ये ८ जुलै १९४५ ला नेताजींनी स्वतः पायाभरणी केली. फौजेतल्या अनाम शहिदांसाठी स्मारक उभं राहिलं, त्यावर इत्तेफाक, इत्माद, कुर्बानी (एकी, विश्वास, बलिदान) हे तीन शब्द होते. सप्टेंबरमध्ये जपानी हरून इंग्रज परत आले आणि त्यांनी ते सुरुंग लावून उडवलं. जेमतेम दोन महिनेसुद्धा टिकू दिलं नाही. १९९५ साली तिथल्या सरकारने त्याच जागी फलक बसवला. आज जे दिसतं ते एवढंच. शेजारून लोक पळत असतात, पोरं फोटो काढत असतात, कुणी थांबत नाही. मी गेलो तेव्हा तासभर तिथे एकटाच होतो.

पण एवढ्यावर परतू नका, कारण बाबांना हवी ती गोष्ट त्या फलकात नाही, आजूबाजूच्या जागांत आहे. रस्ता ओलांडला की पाडांगचं मैदान. ५ जुलै १९४३ ला याच मैदानावर नेताजींनी फौजेची पाहणी केली आणि 'चलो दिल्ली'ची हाक दिली. मैदानासमोर खांबांची जी भव्य इमारत दिसते ती तेव्हाची म्युनिसिपल बिल्डिंग, नंतरचा सिटी हॉल. १२ सप्टेंबर १९४५ ला जपान्यांनी तिथेच शरणागतीवर सह्या केल्या. म्हणजे अवघ्या दोन-सव्वादोन वर्षांत एकाच मैदानाच्या कडेला दोन्ही टोकं. आता तिथे नॅशनल गॅलरी आहे, एसी आहे, बाकडी आहेत. काकूंना तिथे बसवा. वरच्या मजल्यावरून अख्खं पाडांग खाली दिसतं. बाबांना तिथून दाखवा, खालून मैदान नुसतं गवत वाटतं.

तिसरी जागा कॅथे. धोबी घाट स्टेशनजवळ (हो, स्टेशनचं नाव खरंच धोबी घाट आहे). ४ जुलै १९४३ ला रासबिहारी बोसांनी नेतृत्व नेताजींकडे सोपवलं ते या थिएटरात, आणि २१ ऑक्टोबरला आझाद हिंद सरकारची घोषणाही इथेच. आतलं थिएटर पाडून नवं बांधलंय, दर्शनी भाग जुना ठेवलाय. समोरच्या फुटपाथवरून बघायचं.

सकाळी आठला फलक, मग पाडांग, दहाला उघडली की गॅलरी, नंतर टॅक्सीने कॅथे. जेवणाला लिटल इंडियात. तिथे इंडियन हेरिटेज सेंटर आहे, पण तोवर सगळे दमलेले असतील. बाबा सोडून.

---

गच्चीवरची लेक:

तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. 'सुरुंग लावून उडवलं' इथे त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, फलक तर फलक, जागा तीच आहे ना?

---

डबा सोबत:

जेवणाची चिंता सोडा. लिटल इंडियात सेरंगून रोडवर कोमला विलास १९४७ पासून आहे, केळीच्या पानावर जेवण, डोसे, सगळं शाकाहारी. आपल्या जिभेला सांबार थोडं वेगळं लागतं इतकंच.

एकदा तरी हॉकर सेंटरला घेऊन जा. एका छपराखाली पन्नास-शंभर गाळे, आपली मंडई आणि खाऊगल्ली एकत्र केल्यासारखं, पण फरशी लखलखीत. युनेस्कोने २०२० मध्ये या हॉकर संस्कृतीला वारसा म्हणून मान दिला. तिथे 'व्हेजिटेरियन' लिहिलेले चिनी गाळे असतात, ते बौद्ध पद्धतीचे, बहुतेक ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. फक्त आईंना आधी सांगून ठेवा. ताटात बदकाच्या कातडीसकट बदक दिसेल आणि ते सोयाबीन असेल! माझ्या आईने दोन घास खाल्ले, तिसऱ्याला विचारलं की हे नक्की काय आहे, आणि त्यानंतर उरलेले तीन दिवस दहीभात.

गुरुवारी फळं कुठेही मिळतात. टेक्का मार्केट गाठा.

---

तिसरा मजला:

कागदपत्रांचं कोणी लिहिलं नाही म्हणून. आपल्याला व्हिसा लागतो, तो सहसा अधिकृत एजंटामार्फत होतो, म्हणून एजंटशी अगदीच भांडू नका :) शिवाय एसजी अरायव्हल कार्ड पोचण्याच्या आधी तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट पैसे उकळतात. माझ्या मेव्हण्याने चौघांचे भरले आणि मग कळलं.

औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट. झोपेच्या किंवा कोडीन असलेल्या गोळ्या असतील तर आधी परवानगी लागू शकते, डॉक्टरांना विचारून घ्या. विमान कंपनीकडे व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा. आईंना वाईट वाटलं तरी सांगा. चांगी विमानतळावर चालणं फार आहे.

परतीच्या दिवशी दोन तास लवकर निघा. टर्मिनल एकला लागून ज्युएल नावाचा मॉल आहे, आत ४० मीटरवरून पाणी कोसळतं आणि भोवती झाडंच झाडं. आईंची तिसरी बाग.

---

गच्चीवरची लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं असं: पहिल्या दिवशी खोली मिळेपर्यंत सामान हॉटेलात ठेवून जवळपास बसायचं, संध्याकाळी मर्लायन. दुसरा दिवस बोटॅनिक. तिसरा बाबांचा. चौथ्या दिवशी दुपारी गार्डन्स बाय द बे. पाचवा ज्युएल. एजंटकडून फक्त व्हिसा. युनिव्हर्सल गेलं.

दोन किरकोळ प्रश्न राहिलेत. बाबा तपकीर ओढतात. डबी खिशात चालेल ना?

---

तिसरा मजला:

अजिबात नाही! तपकीर, जर्दा, गुटखा, खैनी, सगळ्यावर तिथे बंदी आहे. च्युइंगमसुद्धा १९९२ पासून नेता येत नाही. डबी पुण्यातच ठेवा. खिसे, शबनम आणि चष्म्याचं घर तुम्ही स्वतः तपासा, त्यांच्यावर सोडू नका.

---

गच्चीवरची लेक:

चष्म्याचं घर! तुम्ही बाबांना ओळखता का?

दुसरा आईचा. ऑर्किडचं एखादं रोप आणता येईल का?

---

खिडकीची सीट:

तिथे बाटलीत बंद केलेली रोपं विकायला असतात आणि मोह होतोच. पण भारतात रोप आणायला आयात परवाना आणि तिथलं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नसेल तर विमानतळावर काढून घेतात. त्यापेक्षा फोटो काढा, नावाची पाटी दिसेल असा, आणि इथल्या नर्सरीत दाखवा.

---

गच्चीवरची लेक:

सांगितलं आईला. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि बी?"

---

खिडकीची सीट:

बीसुद्धा नाही. पर्स तपासा.