एक टेराबाइटची डिस्क ९३१ जीबी का दिसते?

एक टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, तेव्हा उरलेले ६९ जीबी फॉरमॅट करताना खर्च होतात असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. जागा कुठेच जात नाही, मोजण्याची पद्धत बदलते. डिस्क बनवणारे एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात. विंडोज तोच आकडा १०२४ ने तीनदा भागतं, ९३१.३२ येतात, आणि पुढे 'जीबी' लिहितं. ते खरं तर गिबिबाइट. हे वेगळं नाव आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १९९८ मध्येच ठरवलंय. ते वापरायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. मॅकवर २००९ पासून १००० नेच भागतात, म्हणून तीच डिस्क तिथे पूर्ण एक टेराबाइट दिसते.

एकक मोठं तशी तफावतही वाढते: किलोबाइटला २.४ टक्के, टेराबाइटला जवळपास १०.