एकच चित्रकार घेऊन मुलांना चित्र पाहायला शिकवता येईल का?

प्रश्न (वेंगुर्ल्याहून एक आई)

आमची दोन्ही मुले, वय ८ आणि ११, शाळेत न जाता घरीच शिकतात. गणित, भाषा आणि विज्ञान यांची घडी आता बसली आहे. चित्रकलेत मात्र रंगपेटी उघडून काहीतरी रंगवण्यापलीकडे आमची मजल जात नाही. चित्र पाहावे कसे, हे त्यांना शिकवायचे आहे. कलेच्या इतिहासाचे एक जाडजूड पुस्तक आणले, परंतु गुहाचित्रांपासूनची नावे आणि सने वाचता वाचता मुले कंटाळली, आणि खरे सांगायचे तर मीही. त्याऐवजी पावसाळ्याचे चार महिने एकच चित्रकार घेतला तर चालेल का, आणि तो कोण असावा? जवळपास कलादालन नाही.

प्रतिसाद (सावंतवाडी)

अवश्य घ्यावा, आणि तो आपल्याच मातीतला घ्यावा. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीत झाला, मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकून त्यांनी १९०८ साली मुंबईतच स्वतःची कलासंस्था काढली. मुलांना मात्र यातले काहीही पहिल्या दिवशी सांगू नये. हातातल्या दिव्याला तळहाताचा आडोसा धरून उभ्या असलेल्या स्त्रीचे त्यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र, जे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील दालनात आहे, त्याची मोठी आणि स्वच्छ प्रत समोर ठेवून पाच मिनिटे नुसते पाहू द्यावे, आणि मग ती पालथी घालून विचारावे: दिवा कोणत्या हातात होता? बोटे लालसर का दिसत होती? चेहऱ्याची कोणती बाजू उजळली होती? दोघांत वाद झाला की प्रत पुन्हा सुलटी करावी. तोपर्यंत आपण मध्ये बोलू नये.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला घरातले दिवे मालवून निरांजन लावावे आणि आपण स्वतः ज्योतीपासून बेताच्या अंतरावर हात धरावा. बोटांच्या कडांतून झिरपणारा लाल उजेड डोळ्यांनी पाहिला, की चित्रकाराने काय टिपले आहे ते सांगावे लागत नाही. चित्र जलरंगातले आहे, हे त्यानंतर सांगावे. उजेड पांढऱ्या रंगाने काढतात असे मुलांना वाटते. पारदर्शक जलरंगात मात्र तो पातळ रंगाखालून दिसणाऱ्या कागदाचा असतो आणि आधीपासून राखून ठेवावा लागतो.

थोरल्यासाठी एक काम आहे. हे चित्र अनेक ठिकाणी राजा रविवर्मा यांच्या नावावर खपवले जाते. रविवर्मा १९०६ साली वारले आणि हे चित्र १९४५-४६च्या सुमाराचे आहे, एवढे त्याने स्वतः शोधून काढले, तर समोर आलेली माहिती पडताळून पाहण्याची सवय आपोआप लागेल.

प्रतिसाद (रत्नागिरी)

पद्धत पटली, परंतु चार महिने पुरतील एवढ्या हळदणकरांच्या चित्रांच्या चांगल्या प्रती सामान्य घरी मिळवणे कठीण आहे. मी पहिल्या महिन्यानंतर रविवर्म्यांकडेच वळेन. त्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस, म्हणजे दगडी शिळेवर चित्र काढून त्याचे छाप घेणारा छापखाना, सुरू केला आणि लक्ष्मी-सरस्वतीची त्यांची चित्रे घराघरांत पोचली. कोकणातल्या कितीतरी जुन्या घरांत माजघराच्या भिंतीवर ती अजून टांगलेली आहेत. शेजारीपाजारी विचारून अशी एखादी तसबीर मिळवावी आणि भिंग घेऊन पाहावे. जुन्या छापात शिळेवर हाताने मारलेले ठिपके वेडेवाकडे पसरलेले दिसतात, तर आजच्या कॅलेंडरवर तेच ठिपके शिस्तीत मांडलेले असतात. मूळ तैलचित्र आणि छाप यांत काय हरवते, यावर मग बोलता येते. कलादालन नसल्याची अडचण येथे उलट कामाला येते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. सुरुवात हळदणकरांपासून करते. धाकटीला चित्र पाहिल्याबरोबर त्याची नक्कल काढायची असते. काढू द्यावी का?

प्रतिसाद (सावंतवाडी)

द्यावी, परंतु पूर्ण चित्राची नको. केवळ दिवा आणि त्याभोवतीचे दोन हात एवढाच भाग घ्यावा, आणि काढलेले कागद भिंतीवर लावून त्यांची तुलना करू नये. नाहीतर पाहण्याचा तास स्पर्धेचा होऊन बसतो. आणखी एक, संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक प्रतीचा रंग निराळा दिसतो, म्हणून साडीचा नेमका रंग कोणता यावर मुलांशी हुज्जत घालत बसू नये.