चर्चा: मंडळीबाहेरच्या अन्नवाटपात उपदेश असावा का?

वाटसरू

चर्चबाहेर जाऊन अन्नवाटप करणाऱ्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी गीतं, मग वीस मिनिटं वचन, म्हणजे बायबलवरचा उपदेश, आणि शेवटी जेवण. माझ्या मते हा क्रम मोडायलाच हवा. वचन संपेपर्यंत ताट मिळत नसेल, तर वचन ऐकणं ही जेवणाची अटच झाली, तोंडाने कुणी तसं म्हटलं नाही तरी. भुकेल्या माणसाचं लक्ष पातेल्यावर असतं.

दुसरी अडचण अगदी व्यवहारातली. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर गरम ठेवावं लागतं. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. त्या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहिलेलं अन्न वाढायचं नाही, असा सुरक्षित नियम आहे. वक्ता लांबला, वाहन उशिरा आलं, की ते दोन तास कधी उलटले ते कळतही नाही.

म्हणून जेवण आधी. वचन नंतर, वेगळ्या खोलीत, ज्याला यायचंय त्याच्यासाठी. वाढणाऱ्यांच्या हातात धर्मप्रचाराच्या पत्रिका नकोत. रेडक्रॉस आणि मदतसंस्थांची १९९४ची आचारसंहिताही हेच सांगते, आणि तिच्या पुरस्कर्त्यांत जागतिक चर्च परिषद आणि कॅथलिक मदतसंस्था कॅरितास आहेत.

मोहरीदाणा

ती आचारसंहिता नीट वाचा. मदतीचा वापर एखादं धार्मिक मत पुढे रेटायला करायचा नाही आणि मदत कुणाच्या श्रद्धास्वीकारावर अवलंबून ठेवायची नाही, असं त्यात आहे. पण संस्थेला स्वतःची धार्मिक मतं बाळगण्याचा हक्कही त्याच कलमात मान्य केलाय. अट घालणं वेगळं आणि आपण कोण, कुणाच्या नावाने आलो हे सांगणं वेगळं.

सुवार्ताप्रसाराबद्दलच्या, म्हणजे येशूचा संदेश सांगण्याबद्दलच्या, १९७४च्या लोझान कराराचं पाचवं कलमही स्पष्ट आहे: समाजकार्य म्हणजे सुवार्ताप्रसार नव्हे, तरीही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्याचाच भाग. तुमच्या ‘वेगळ्या खोलीत’ येणार कोण? जेवण झालं की माणूस झोपायची जागा पकडायला धावतो. खोलीत उरतात आपलेच स्वयंसेवक. मग हळूहळू येशूचं नाव फक्त बॅनरवर राहतं. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १०व्या अध्यायात पौल विचारतो, सांगणारा नसेल तर लोक ऐकणार कसे? त्याचं उत्तर ‘पोटभर वाढून’ असं नाही.

वाटसरू

खोली रिकामी राहते हे मान्य. पण जेवणाच्या बळावर ती भरायची, हा त्यावरचा उपाय नव्हे.

भेटकरी

रुग्णभेटीच्या सेवेत या वादाचं उत्तर रोज द्यावं लागतं, म्हणून लिहितो. वॉर्डात शिरण्याआधी नर्सला विचारायचं, हात धुवायचे, खाटेवर बसायचं नाही, खुर्ची ओढून रुग्णाच्या नजरेच्या पातळीवर बसायचं. दहा मिनिटांत उठायचं. ‘देवाच्या मनात असंच असेल’ हे वाक्य कटाक्षाने टाळायचं.

खरी कसोटी प्रार्थनेच्या प्रश्नाची. ‘प्रार्थना करू ना?’ असं विचारलं की खाटेला खिळलेला माणूस भिडेखातर हो म्हणतो. त्याऐवजी ‘इथे करू, की घरी जाऊन तुमच्यासाठी करू?’ असं विचारलं, तर नकाराला जागा राहते. हो म्हटलं तर अर्ध्या मिनिटाची, त्याच्याच शब्दांतल्या गरजेची प्रार्थना. प्रार्थनेतून प्रवचन नको. प्रभूचं नाव घेतलं जातं आणि जबरदस्तीही होत नाही.

मोहरीदाणा

प्रश्न छान आहे, पण खाटेवर एकच जण असतो. रांगेत दीडशे जण असतील तर प्रत्येकाला काय विचारणार?

पंगतकरी

मग रांगच काढा. तुमच्या दोघांच्याही म्हणण्यात रांग गृहीत धरलेली आहे, आणि बिघाड तिथेच आहे. रांगेत देणारा उभा, घेणारा उभा, नजरानजर दोन सेकंदांची. तेवढ्यात एकतर पत्रिका कोंबली जाते किंवा काहीच घडत नाही.

आठ-आठ जणांची टेबलं मांडा. प्रत्येक टेबलावर मंडळीतला एकच जण, आणि त्यानेही तेच जेवण तिथेच जेवायचं. वाढणारे वेगळे. दीडशे जण म्हणजे बावीस टेबलं आणि बसणारे बावीस जण. एवढी माणसं नसतील तर पाहुणेच दोन पंगतींत बसवा.

बिघडतं कुठे तेही सांगतो. मंडळीतले लोक ओळखीच्यांसोबत एकाच टेबलावर गोळा होतात, म्हणून जागा आधी नेमून द्या. ‘तुमच्यावर ही वेळ कशी आली?’ हा प्रश्न बंद. फोटो बंद. विचारलं तरच विश्वासाबद्दल बोलायचं, पण बोलायची तयारी मात्र हवी, जसं १ पेत्र ३:१५ सांगतं. त्यासाठी बसणाऱ्यांची तालीम घ्या: आपण इथे का आलो, हे दोन मिनिटांत, साध्या शब्दांत.

प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपाची तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी ते काम सात जणांवर सोपवलं. निवडताना ते आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण आहेत ना, हे पाहिलं. आपण मात्र सगळ्यात नवख्या मुलांना पळी देऊन उभं करतो आणि अनुभवी वडीलधारे माइकपाशी.

वाटसरू

टेबलं पटली. जेवणाआधी यजमानाने अर्धा मिनिट आभाराची प्रार्थना करावी, कुणी उभं राहायची गरज नाही, इथवर मी येतो. त्यापुढे एक मिनिटही नाही.

मोहरीदाणा

आणि दाराशी उपासनेची वेळ आणि पाळकांचा फोन नंबर लिहिलेली पाटी. ती काढायला मी तयार नाही.

वाटसरू

पाटी राहू द्या. पण ती बाहेर पडण्याच्या दाराशी, आत येण्याच्या नव्हे.