मापात असलेले काडतूस नळीत पूर्ण का बसत नाही?

प्रश्न : निवृत्त टर्नर, फोंडा

नमस्कार. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नर या व्यवसायाचा निदेशक होतो. टेक्सासला मावसभावाकडे दोन महिने राहून नुकताच परतलो. तो नेमबाजीच्या सरावासाठी ९ मिलिमीटर पिस्तुलाची काडतुसे घरीच भरतो, म्हणजे वापरलेल्या पितळी पुंगळ्या डायमधून (दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून) काढून त्यांत नवा प्रायमर (दारू पेटवणारी बुडातील टिकली), दारू आणि गोळी बसवतो. मी असताना त्याने भरलेल्या ५० काडतुसांपैकी ७ काडतुसे नव्या पिस्तुलाच्या सुट्या केलेल्या नळीत पूर्ण खाली गेली नाहीत. जुन्या पिस्तुलाच्या नळीत मात्र पन्नासही सहज बसली. कॅलिपर मी स्वतः लावला होता. प्रमाणित कमाल लांबी २९.६९ मिलिमीटर असताना यांतील एकही काडतूस २९.२ च्या वर नव्हते. मापात असलेला भाग बसलाच पाहिजे, असे मी मुलांना तीस वर्षे शिकवले, त्यामुळे हा प्रश्न डोक्यातून जात नाही. मावसभाऊही कारण विचारतो आहे.

उत्तर १ : नेमबाज, मडगाव (सध्या परदेशी वास्तव्य)

आपले माप बरोबर आहे, परंतु ते चुकीच्या जागेचे आहे. कॅलिपर बुडापासून गोळीच्या टोकापर्यंतची लांबी सांगतो, आणि नळीत टोक कोठेच टेकत नाही. चेंबर, म्हणजे नळीतील काडतूस बसण्याची जागा, संपल्यावर नळीच्या आतील पिळाच्या खाचा सुरू होईपर्यंत थोडी मोकळी जागा असते, आणि या खाचांना आधी भिडतो तो गोळीचा खांदा, म्हणजे तिचा पूर्ण व्यास जेथून निमुळता होऊ लागतो तो भाग. गोल नाकाच्या आणि चपट्या नाकाच्या दोन गोळ्यांची एकूण लांबी सारखी ठेवली, तरी चपट्या गोळीचा खांदा बराच पुढे येतो. त्यातच ही मोकळी जागा प्रत्येक पिस्तुलात वेगळी असते. सीझेड या चेक कंपनीच्या पिस्तुलांच्या अनेक नळ्यांत ती तोकडी असते, हे हाताने काडतुसे भरणाऱ्यांना चांगलेच ठाऊक आहे. म्हणूनच ज्या पिस्तुलातून काडतूस उडवायचे, त्याचीच नळी हे त्याचे खरे गेज, म्हणजे माप तपासण्याचे साधन होय.

चाचणी अशी करतात. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून ते उघडावे, नळी बाहेर काढून स्वच्छ पुसावी आणि चेंबरचे तोंड वर धरून काडतूस नुसते सोडावे. ते टप असा स्वच्छ आवाज करून बसले पाहिजे, बोटाने गरकन फिरले पाहिजे आणि नळी उलटी करताच स्वतःच्या वजनाने बाहेर पडले पाहिजे. बुड नळीच्या मागच्या कडेशी कोठवर येते, हे कारखान्याच्या काडतुसाशी ताडून पाहावे. खाली जाते पण फिरताना अडखळते, असे काडतूस खाचांना टेकलेले असण्याचा संभव अधिक. बोटाने दाबून बसवले की चाचणीच संपली, कारण दाबाखाली दोषही आत जातो.

आणखी एक गोष्ट आपल्याला टर्नर म्हणून आवडेल. या काडतुसाला बाहेर आलेली कड नसते, त्यामुळे चेंबरमधील त्याची खोली पुंगळीच्या तोंडाची धारच ठरवते. गोळी बसवण्यापूर्वी हे तोंड किंचित पसरवलेले असते. ते नंतर पुरते सरळ केले नाही, तर तेथील व्यास ९.६५ च्या पुढे राहून काडतूस अडते. उलट फार आवळले, तर धारेचा टेकू जातो आणि ते प्रमाणापेक्षा खोल बसते.

उत्तर २ : फिटर, वास्को

मी जहाजदुरुस्तीच्या कामात आहे. बंदुकीचे मला फारसे कळत नाही. परंतु शाफ्टचा टेपर (निमुळता भाग) बसवताना आम्ही निळा रंग पुसट लावतो, भाग फिरवून काढतो आणि रंग जेथे उडाला ती टेकणारी जागा मानतो. अंदाजाने घासणाऱ्याला आमच्याकडे कोणी हात लावू देत नाही. तीच रीत येथे चालेल का?

उत्तर १ कडून पुन्हा

अवश्य चालेल, आणि तीच रूढ रीत आहे. अडलेले काडतूस मार्करने रंगवून नळीत हलकेच फिरवावे. गोळीवर रंग उडाला, तर ती थोडी खोल बसवावी लागेल. तोंडाशी उडाला, तर तोंड सरळ करायचे राहिले आहे. बुडाजवळ उडाला, तर पुंगळी तेथे फुगलेली असून डाय पुरेशी खाली आलेली नाही.

मात्र गोळी खोल बसवण्याचा उपाय सहज करू नये. ९ मिलिमीटरच्या पुंगळीत जागा मुळातच थोडी असते. गोळी जरा आत सरकली तरी दारूला मिळणारी पोकळी घटते आणि दाब झपाट्याने वाढतो. त्यामुळे लांबी बदलली की भरणीच्या पुस्तिकेतील दारूचे प्रमाण पुन्हा पाहावे लागते. नवी लांबी ठरवताना आधी दारू आणि प्रायमर नसलेले नमुन्याचे काडतूस करून त्यावरच चाचणी घ्यावी. नळीत नीट बसलेले काडतूस दाबाच्या दृष्टीनेही सुरक्षित आहे, असे या चाचणीतून कळत नाही.

उत्तर ३ : परवानाधारक शेतकरी, सत्तरी

वाचणाऱ्या तरुणांसाठी स्पष्ट लिहितो. माझ्याकडे पिकाच्या रक्षणासाठी परवान्याची बंदूक आहे आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश येतो, इतकी ही बाब आपल्याकडे काटेकोर आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि ९ मिलिमीटर हा बोअर (नळीचा व्यास) तर सामान्य नागरिकांसाठी निषिद्धच आहे. टेक्सासच्या गॅरेजमध्ये जे चालते, ते फोंड्याच्या पडवीत करू नये.

प्रश्नकर्ता, दोन दिवसांनी

सर्वांचे मनापासून आभार. सत्तरीच्या बंधूंचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मी येथे कॅलिपरखेरीज काहीही बाळगत नाही. मावसभावाने काल सातही काडतुसे रंगवून पाहिली. पाचांचा रंग गोळीच्या खांद्यावर उडाला, आणि ती पाचही चपट्या नाकाची निघाली. उरलेल्या दोन्हींचा रंग बुडाजवळ उडाला. सातही त्याने बाजूला काढली असून डाय खाली घेण्याआधी तो आता नमुन्याचे काडतूस करणार आहे.