मनगटाचं फ्रॅक्चर : प्लेट बसवावी की प्लास्टरवरच थांबावं? मदत हवी आहे

आई (वय ६८) नऊ दिवसांपूर्वी बाथरूममध्ये घसरली आणि उजव्या हातावर पडली. अंगठ्याच्या बाजूचं हाड, रेडियस, मनगटाजवळ मोडलंय. भूल देऊन हाड ओढून बसवलं, प्लास्टर घातलं. कालच्या एक्स-रेमध्ये ते पुन्हा सरकलेलं दिसलं: मागच्या बाजूला जवळपास २० अंश कललंय, पण सांध्याच्या आत चीर गेलेली नाही.

एक डॉक्टर म्हणतात, तळहाताच्या बाजूने चिरून प्लेट-स्क्रू बसवू. मनगट लवकर हलवता येईल. दुसरे म्हणतात, या वयात हाड थोडं वाकडं जुळलं तरी वर्षभराने हाताच्या कामात फारसा फरक राहत नाही, सहा आठवडे प्लास्टर पुरे. तारा घालायचा पर्यायही निघाला होता, पण हाड ठिसूळ असल्यामुळे तारांची पकड टिकेल का, ही शंका आहे.

आई एकटी राहते आणि उजवा हातच तिचा सगळा आधार. काल डाव्या हाताने पोलक्याची बटणं लावता लावता रडकुंडीला आली. बोटं मात्र नीट हलतात, मुंग्या नाहीत.

याच वयात कोणी प्लेट बसवून घेतली आहे का? मूठ वळायला, पिळायला किती दिवस लागले? प्लेट पुढे टोचली, स्नायूबंधाला घासली, काढावी लागली का? आणि प्लास्टरवरच राहिलेल्यांनो, वाकडेपणाचा खरंच त्रास होतो का? निर्णय लवकर घ्यायचाय, हाड जुळायला लागलं की बसवणं अवघड होतं म्हणे.